मेंढरांचा गेटपास

"वहिनी, आता मेंढरांना गेटपास काढ," सर्जेराव म्हणाला, आणि कचरूच्या हॉटेलात बसलेल्या पाच-सहा जणांच्या हातातल्या बशा हसून हसून हिंदकळल्या.

हॉटेल म्हणायचं ते आपलं म्हणायचं. चार बल्ल्या, वर पत्रा, दोन बाकडी आणि एक काळंकुट्ट भगुलं. पण धोंडखेड्यात बसून टिंगल करायला तेवढी एकच जागा उरली होती. तीन वर्षांमागं गावचं गायरान औद्योगिक वसाहतीत गेलं, तारेचं कुंपण पडलं, आणि मागं दौलताबादचा किल्ला, पुढं तार, असं गाव मधी चिमटीत धरल्यासारखं झालं.

मंजुळाबाई हॉटेलासमोर रस्त्यात उभी होती. चाळिशी उलटलेली धनगराची बाई, डोक्यावर घोंगडी, हातात काठी, पायात टायरच्या चपला. मागं तिची मेंढरं सडकेच्या कडंला डांबर आणि धूळ लागलेलं गवत हुंगून सोडून देत होती. कुंपणाच्या पलीकडं भादव्यात वाढलेलं गवत कमरेएवढं उभं होतं. एक-दोन मेंढ्या तारेतनं तोंड घालायच्या, काडी ओढायच्या, आणि नाकाला काटा लागला की मागं सरायच्या. हे बघूनच सर्जेरावाला गेटपास सुचला.

वसाहतीत प्लॉट वाटले होते शंभर. पाट्या शंभर. धुराडी सात. बाकी सगळीकडं 'नियोजित कारखाना' असं लिहिलेलं, आणि तेही अक्षर आता पावसानं निम्मं गेलेलं. ज्यानं प्लॉट घेतला त्याला कर्ज मिळंना, ज्याला कर्ज मिळालं त्याला वीज मिळंना, ज्याला वीज मिळाली त्याचं मशीन कुठल्यातरी गोदीत अडकलं. गवताला तेवढी कुणाची परवानगी लागत नव्हती. ते वेळेवर उगवायचं, वेळेवर वाढायचं.

"काढला तर?" मंजुळाबाई म्हणाली.

"काय काढला तर?"

"गेटपास. माह्या मेंढरांचा."

सर्जेराव बाकड्यावर जरा सरळ बसला. हा गडी वसाहतीला मजूर पुरवायचा. कपडे पांढरे, इस्त्रीचे, खिशाला पेन. ओझं उचलायचं त्याला इतकं वावडं, की स्वतःची छत्रीसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

"काढलास तर," तो म्हणाला, "तुहा त्यो मोठा मेंढा खांद्यावर घिऊन छावणीच्या गुरांच्या बाजाराला एक फेरा मारीन. भर गुरवारी."

"आन 'बॅ' म्हनत," कचरूनं भगुल्यातनं डोकं वर न काढता भर घातली.

"म्हनत. आन नाय काढला, तर दसऱ्याला त्यो मेंढा माह्या रश्श्यात."

"दसऱ्यापोवतर?"

"दसऱ्यापोवतर. आन कागुद पायजे वहिनी. सही-शिक्क्याचा, हातात धरता येईल असा. वाचमननं गपचूप आत सोडलं, त्ये पकडायचं नाय."

"मंजूर," मंजुळाबाई म्हणाली आणि मेंढरांना हाळी देऊन चालायला लागली. मागनं हसण्याचा दुसरा हप्ता आला. तिनं मान वळवली नाही. मान वळवली असती तर तिच्या तोंडावरची भीती त्यांना दिसली असती.

घरी नवरा, सूर्यभान, ओसरीला बसून गुडघ्याला तेल चोळत होता. दोन साल आधी डोंगरावरनं घसरला तेव्हापासून गुडघा वाकंना. मेंढरं कातरायची, दावी वळायची, बसून होईल ते सगळं तो करायचा. चालणं मंजुळाबाईच्या वाट्याला आलं होतं.

"मेंढ्यावर पैज लावलीस म्हनं," तो म्हणाला. बातमी तिच्या आधी घरी पोचली होती.

"लावली."

"कशाला पैज लावती. दसरा झाला की गुरवारी छावणीला न्यायचीच हायेत सगळी. म्या येपाऱ्याला सबूद दिलाय."

मंजुळाबाईनं घोंगडी खुंटीला टांगली. हे तिला नवं नव्हतं, पण 'सगळी' हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

"जित्राबाला खायला नाय," सूर्यभान खाली बघून बोलला. "सडकंनं फिरवायचं कुठवर? मागल्या आठवड्यात टरकनं दोन चिरडल्या. रोज सांच्याला दारात बसून मी वाट बघतो, आज कोन कमी आलं म्हनून. कापली तर निदान एकदाच कापली."

"दसऱ्यापोवतर थांबा."

"मग?"

"मग तुमी म्हनताल तसं," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिलाच ऐकू आलं. पैज मेंढ्यावर लागली होती, पण आता साऱ्या कळपाची मान त्या कागदाखाली आली.

कागद म्हटलं की धोंडखेड्यात एकच माणूस. साहेबराव. बुद्धवाड्यातला, आयटीआय झालेला टर्नर. गावाच्या कडंला पत्र्याच्या शेडात त्यानं जुनं लेथ मशीन मांडलं होतं. विजेचा अर्ज करून दोन वर्षं झालेली, वीज आली नव्हती. तर या पठ्ठ्यानं सासऱ्याच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन उचलून आणलं, त्याला पट्टा चढवला, आणि विहिरीचं पाणी ओढणाऱ्या इंजिनावर लोखंड कातायला बसला. धूर असा निघायचा, की वसाहतीतलं आठवं धुराडं हेच, असं लोक म्हणायचे. कचरूच्या हॉटेलात त्याचा चहाचा ग्लास वेगळा, बाहेर बल्लीला अडकवलेला. पण ज्याला कुठल्या कचेरीत अर्ज करायचा असेल तो त्याच ग्लासापाशी येऊन गुपचूप उभा राहायचा.

मंजुळाबाई शेडावर गेली तर इंजिन बंद. मालक क्रांती चौकात, धरण्याला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि ते घोंगडं अजून भिजतच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कळप शेजारणीकडं सोपवला आणि एस्टीनं शहर गाठलं. चौकात निळे झेंडे, घोषणा, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला पोलिसांच्या गाड्या. तिला वाटलं, इतक्या माणसांत आपला साहेबराव कसा सापडायचा. पण सापडला. सगळे घोषणा देत होते आणि हा बाबा फुटपाथवर मांडी घालून कुणाच्यातरी जामिनाचा अर्ज लिहीत होता.

"आक्का, तू इथं? सूर्यभानदादा बरा हाय ना?"

तिनं पैज सांगितली. सर्जेरावाचं नाव निघालं तसं साहेबरावानं पेनाचं टोपण काढलं. शेजारच्या माणसाच्या हातातला पुठ्ठ्याचा फलक मागून घेतला, उलटा करून मांडीवर ठेवला, त्यावर कोरा कागद पसरला.

"तार कुनाची हाय? कुठला प्लॉट?"

"त्यो मोठा. एक शेड हाय बघ, आन लाकडाच्या पेट्या."

"हां, तो पुन्याचा मॅनेजर. त्याला नोटीस आलीय गवताची. मोठे साहेब बघायला यायलेत दसऱ्याला, जागा साफ पायजे. सर्जेरावचे मजूर गेलते काढायला. साप निघाला तसे पळाले, आन आता बाजरीच्या काढनीला लागलेत." तो लिहायला लागला. "धंदा कोनता?"

"मेंढरं चारायचा."

"चारायचा नाय लिहायचं. 'गवत काढणे.' यंत्र?"

"यंत्र कशाचं?"

"यंत्र नाही. इंधन नाही." त्याचं पेन थांबलं, तो स्वतःशीच हसला आणि त्यानं पुढची ओळ जरा मोठ्या अक्षरात काढली. "'विजेची गरज नाही.' आक्का, ही ओळ वाचून तो मानूस रडंल बघ. दर काय?"

"दर नगं. खाऊ द्या, आन हौदातलं पानी पिऊ द्या."

"फुकट काम फायलीत बसत नाय. संशय येतो. एकरी एक रुपाया. आता सांग, नग किती?"

मंजुळाबाईनं झेंड्यांकडं तोंड फिरवलं.

"मेंढरं किती, आक्का?"

"त्ये सांगत नसत्यात."

साहेबरावानं मान वर केली. धनगर आपल्या कळपाचा आकडा तोंडानं काढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मोजलं की घटतं, असं त्यांच्यात मानतात. पण ठाऊक असणं वेगळं आणि फॉर्मातला रिकामा रकाना वेगळा.

"अगं, ही अंधश्रद्धा हाय."

"असंल."

"आकड्याबिगर कागुद पास व्हत नाय."

"आकडा नाय देनार. नावं देते. एक-एकीचं नाव सांगते, घे लिहून."

"नावं?"

"तुमची हजेरी नावानंच घेत्यात ना? का तुरुंगात तुला नंबर दिलता?"

"नंबरच दिलता," साहेबराव म्हणाला. मग त्यानं मांडीवरचा फलक जरा कलता करून बघितला, ज्यावर एका नावासाठीच सगळं लिहिलेलं होतं. "बरं. सांग नावं."

मंजुळाबाईनं डोळे मिटले आणि कळप डोळ्यांपुढनं चालवला. बोंडी, काळतोंडी, लांबकानी, तुटकशेपटी, भुरी, भुरीची लेक, रडकी, म्हातारी, फौजदारीण. पान भरलं, मागची बाजू भरली. घोषणा देणारी दोन माणसं थांबून ऐकायला लागली. फौजदारीण आली तेव्हा जवळ उभा असलेला पोलीससुद्धा हसला. पण हसून झाल्यावर त्याला वरनं हुकूम आला आणि त्यानं समोरच्या सगळ्यांबरोबर साहेबरावालाही दंडाला धरून गाडीत चढवलं.

गाडी हलायच्या आत जाळीतनं कागदाची गुंडाळी बाहेर आली.

"आक्का, अंगठा लावू नको," साहेबराव आतनं ओरडला. "रात्रशाळेत शिकलीस ना, सही कर. अंगठ्याला मागं बसवत्यात. आन मॅनेजरलाच दे, वाचमनला देऊ नको."

गाडी गेली. मंजुळाबाईनं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. तिच्या सहीला एस्टी सुटण्याएवढा वेळ लागला. म्हणून ती चालत निघाली, आणि अर्ध्या वाटेवर एका ट्रकनं तिला वर घेतलं.

वसाहतीतल्या त्या प्लॉटाच्या गेटावर बद्रीनाथ वॉचमन होता. अंगात दोन माणसं मावतील असा खाकी कोट, समोर टेबल, टेबलावर रजिस्टर. रजिस्टरात तीन वर्षांत कोण कोण आलं ते होतं. पान सहावं चालू होतं.

"कागुद इकडं दे," तो म्हणाला.

"मॅनेजरला देते."

"मॅनेजर कामात हाय."

मॅनेजर खरंच कामात होता. शेडात लाकडी पेट्या फोडून पाच मशिनी मांडलेल्या, आणि तो एकटा माणूस, शर्टाच्या बाह्या वर करून, एका मशिनीचं चाक हातानं गोल फिरवत होता. फिरवून झाल्यावर फडक्यानं पुसलं, तेल सोडलं आणि दुसऱ्या मशिनीकडं गेला. मंजुळाबाई दारातनं बघत राहिली. तिच्या ध्यानात आलं: हा रोज हे करतो. चालत नाहीत, पण आखडू नयेत म्हणून. सूर्यभानाचा गुडघा ती अशीच चोळायची.

त्यानं कागद वाचला. एका ओळीपाशी थांबला.

"विजेची गरज नाही?"

"नाय."

"अजिबात?"

"मेंढरं हायेत, साहेब. त्येंला कशाला लागती वीज?"

"मेंढरं," तो म्हणाला. पुढं वाचत गेला. भुरी. भुरीची लेक. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, गेल्या तीन वर्षांत या टेबलावर आलेला हा पहिला अर्ज आहे, ज्यात माझ्याकडं एकरी रुपयाच्या वर काही मागितलेलं नाही."

"पानी मागितलंय, साहेब."

"पाणी देतो. सकाळी आणा."

सकाळी कळप गेटात उभा राहिला तेव्हा अर्धं धोंडखेडं बघायला आलं होतं. बद्रीनाथनं नियम सांगितला: आत जाईल त्याची नोंद होणार, आणि जेवढं आत तेवढंच बाहेर. मंजुळाबाई गेटाच्या एका अंगाला उभी राहिली आणि यादी हातात नसताना एकेकीला हाक मारायला लागली. बोंडी आत गेली. काळतोंडी गेली. बद्रीनाथ एका-एका नावापुढं बरोबरची खूण करत होता आणि हळूहळू त्याला गोडी लागली. "फौजदारीण हजर," असं तो स्वतःच पुकारायला लागला. सगळ्यात मागनं मोठा मेंढा गेला, आणि एक गाभण मेंढी, लांबकानी, जड पावलानं.

"लांबकानीचं भरत आलंय," सूर्यभान म्हणाला. तोही लंगडत आला होता. "घरीच ठिवायची."

"कळपाबिगर वैरनीला तोंड लावत नाय ती. ऱ्हाऊ द्या संगट."

सर्जेरावाची जीप धूळ उडवत आली. त्यानं खाली उतरून रजिस्टर बघितलं, कळप बघितला आणि कचरूकडं वळला. "ह्ये रजिस्टर झालं. रजिस्टर गेटावरच ऱ्हातं. पैज कागदाची हाय. कागुद कुठाय?"

कचरूनं डोकं खाजवलं. पैज त्याच्याच हॉटेलात लागली म्हणून पंच तोच, आणि पंचाला खोटं बोलता येत नव्हतं. "कागुद नाय," तो म्हणाला. "पैज अजून हायेच."

मंजुळाबाईनं त्या दिवशी मॅनेजरला पास मागितला. तो म्हणाला, पास आत येणाऱ्याला नसतो, बाहेर जाणाऱ्या मालाला असतो. आत येणाऱ्याला रजिस्टर. नियम छापील होता, त्यानं दाखवला. ती परत गवतात गेली. दसऱ्याला पाच दिवस होते.

ते पाच दिवस मात्र बघण्यासारखे. मंजुळाबाई पहाटे दहिवर पडलेल्या गवतात काठी आपटत पुढं चालायची, म्हणजे साप असला तर सरकायचा. लुगडं मांडीपर्यंत ओलं, पोटऱ्यांवर पात्यांचे ओरखडे, हाताला गवताचा हिरवा डाग. मागनं मेंढरं अशी चरायची, की दुपारी जमिनीवर नुसता कुरकुर आवाज पसरलेला असायचा. तीन वर्षं त्यांच्या बरगड्या दिसत होत्या, त्या आता दिसेनात. सूर्यभान पेटीच्या सावलीत बसून लोकर कातरायचा, आणि पाठीवर गेरूची ओळखीची खूण मारायचा. मॅनेजर पँटीचे पाय मोज्यात खोचून कळपाच्या मागं हिंडायचा. गवत गेलं तशा त्याला त्याच्याच प्लॉटातल्या वस्तू सापडायला लागल्या: पायाच्या विटांची रास, एक ढकलगाडी, आणि भूमिपूजनाची फरशी. ती त्यानं रुमालानं पुसली.

"सूर्यभानराव, तुमचा धंदा किती वर्षांचा?" एकदा त्यानं विचारलं.

"माझ्या बापाच्या बापाचा."

"आणि परवानगी?"

"कुनाची?"

मॅनेजरनं भूमिपूजनाची फरशी परत एकदा पुसली.

साहेबराव चौथ्या दिवशी सुटून आला, आणि दाढी न करताच प्लॉटावर आला. मॅनेजरनं अर्ज कुणी लिहिला ते विचारून त्याला आत बोलावलं. दोघांनी आपापले विजेचे अर्ज काढले. साहेबरावचा नंबर रांगेत मॅनेजरच्या अकरा नंबर आधी निघाला. तेव्हापासून मॅनेजर त्याला अहो-जाहो करायला लागला, आणि इंजिनावर लेथ कसं चढवलं ते बघायला शेडावर जाऊन आला. येताना त्याच्या शर्टाला काजळी होती आणि तो शीळ घालत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, शेवटचा तुकडा चरून झाला. चार एकर असं साफ, की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाच्या वॉचमनची मिशी दिसावी. गेटाबाहेर सर्जेराव जीपला टेकून उभा होता. संगती सुरीसकट एक खाटीक आणला होता, नुसता दाखवायला.

"वहिनी, मसाला वाटाय टाकलाय घरी," तो म्हणाला.

मंजुळाबाई गेटाशी उभी राहून हाका मारायला लागली आणि बद्रीनाथ खुणा करत गेला. बोंडी. काळतोंडी. तुटकशेपटी. एकेक बाहेर पडत होती आणि मंजुळाबाई दर नावागणिक पुढची हाक जरा उशिरानं देत होती. सूर्यभान गेटाबाहेर उभा राहून प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होता, आणि तो हात उचलायला त्याला वेळ लागत होता. परवा छावणीचा गुरुवार होता.

"लांबकानी," मंजुळाबाईनं हाक दिली.

लांबकानी आली नाही. दुसऱ्यांदा हाक दिली, तर विटांच्या राशीमागनं बारीक आवाज आला. मग लांबकानी आली, थांबत थांबत, आणि तिच्या मागं, अजून ओलं, चार पायांवर आठ पायांसारखं डगमगणारं कोकरू.

बद्रीनाथनं रजिस्टर बघितलं. बोट वरनं खाली नेलं, खालनं वर आणलं.

"ह्याचं नाव नाय यादीत."

"आत्ता जलमलंय त्ये."

"आत गेलं नाय तर बाहेर कसं जाईल? जेवढं आत, तेवढंच बाहेर." तो पेन कानावर ठेवून उठला आणि त्यानं गेटाची एक झडप लावली. खरं तर पाच दिवसांत तो कळपाच्या प्रेमात पडला होता, पण तीन वर्षांत त्याला नियम पाळायची ही पहिलीच संधी होती. "ह्ये आवारात तयार झालंय. आवारात तयार झालेला माल कंपनीचा."

"कोकरू कंपनीचं," सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "मेंढा माहा आन कोकरू कंपनीचं. वहिनी, काठी तेवढी तुही."

कोकरू आत, म्हणून लांबकानी हलंना. लांबकानी हलंना, म्हणून बाहेर पडलेला कळप मागं फिरून गेटाला धडका देऊ लागला. ओरडा असा उठला, की मॅनेजर शेडातनं धावत आला.

"काय झालं?"

"जास्तीचा माल निघाला, साहेब," बद्रीनाथ ताठ उभा राहून म्हणाला.

मंजुळाबाईनं कोकराला उचलून पदरात घेतलं. ते पदर चोखायला लागलं. तिनं मॅनेजरकडं बघितलं, बद्रीनाथकडं बघितलं, आणि पाच दिवसांमागं दाखवलेला तो छापील नियम तिला एकदम आठवला. ती इतकी हळू बोलली, की सर्जेरावाला पुढं सरकावं लागलं.

"साहेब, बाहेर जानाऱ्या मालाला काय लागतं म्हनलता तुमी?"

मॅनेजर कोकराकडं बघत राहिला. मग तो शेडात गेला. आत लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज झाला, तोही बराच वेळ, कारण कपाटाचं कुलूप गंजलेलं होतं. परत आला तेव्हा त्याच्या हातात लांबट पुस्तक होतं. शंभर पानांचं, कोरं, वर कंपनीचं नाव छापलेलं. त्यानं ते उघडलं तसं पाठीचा डिंक कडकन वाजला.

"अनुक्रमांक एक," तो म्हणाला. "तीन वर्षं, बद्रीनाथ. या कारखान्यात तयार झालेला हा पहिला माल."

सर्जेरावाचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मालाचं वर्णन?" मॅनेजरनं पेन उघडलं.

"कोकरू. काळं, कपाळाला पांढरा टिकला," साहेबराव पुढं होऊन सांगायला लागला. "उत्पादनाला वीज लागलेली नाही, ह्ये पन लिहा."

"नग?"

सगळे मंजुळाबाईकडं बघायला लागले. ती घुटमळली. आकडा कधी तोंडातनं काढला नव्हता.

"एक लिहायला हरकत नाय," सूर्यभान गेटाबाहेरनं म्हणाला. "एकाला मोजनं म्हनत नाय."

मॅनेजरनं सही केली. शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. काहीच उठलं नाही. पॅड तीन वर्षांत वाळून खडखडीत झालेलं. त्यानं त्यावर थुंकून बघितलं. पुसट करडी कड तेवढी आली.

"दिसत नाय," सर्जेराव लगबगीनं म्हणाला. "शिक्का वाचता आला पायजे. कचरू, तू पंच हाय, वाच बरं."

कचरूनं कागद उजेडाला धरला. "नाय वाचता येत," त्यानं कबूल केलं.

सूर्यभान लंगडत आत आला. त्याच्या हातात मेंढरांच्या पाठीला लावायच्या गेरूचा डबा होता. त्यानं बोट बुडवलं, शिक्क्याच्या रबरावर नीट, कोपऱ्याकोपऱ्यात, गुडघ्याला तेल लावावं तसं जिरवत गेरू चोळला आणि शिक्का मॅनेजरच्या हातात परत दिला. "आता मारा."

लालभडक उठला. अक्षरं मोजता आली असती.

कचरूनं कंपनीचं नाव मोठ्यानं वाचलं, पत्ता वाचला, तालुका-जिल्हा वाचला, आणि मग कागद मंजुळाबाईच्या हातात दिला. बद्रीनाथनं दोन्ही झडपा उघडल्या आणि, कुणी सांगितलं नसताना, कोकराला सलाम ठोकला.

दसऱ्याच्या सकाळी मॅनेजरच्या साहेबांनी साफ प्लॉट बघितला. बघताना शेजारच्या प्लॉटाच्या माणसानंही बघितलं. संध्याकाळपर्यंत मंजुळाबाईच्या दाराला गवत काढून द्यायचे तीन निरोप आले. चौथा माणूस स्वतः स्कूटरवर आला आणि वीज लागते का ते विचारून गेला. सूर्यभानानं त्याला बसायला घोंगडी टाकली. व्यापाऱ्याकडं मात्र निरोप धाडायची त्याला काही घाई दिसली नाही. "गुरवारी जायचंच हाय छावणीला," तो म्हणाला. "तोंडावर सांगू."

गुरुवारी छावणीचा बाजार फुललेला. बैल, शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, जुन्या सायकली, भज्यांचा धूर. धोंडखेड्याची माणसं ट्रक करून आली होती. साहेबरावानं इंजिन बंद ठेवलं, बद्रीनाथनं रजा काढली, मॅनेजर रविवारचा शर्ट घालून आला.

सर्जेरावही पांढरे कपडे घालून आला. माणूस शब्दाचा पक्का, हे म्हणायलाच पाहिजे. तो बायकोच्या माहेरी पळून जाऊ शकला असता. तो खाली बसला. चौघांनी मोठा मेंढा उचलून त्याच्या खांद्यावर आडवा टाकला, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात दिले. उठताना त्याच्या गुडघ्यातनं आवाज आला. सूर्यभानाला त्याची कीव आली आणि त्यानं कोपराला आधार दिला.

फेरा सुरू झाला. पहिल्या ओळीत लोक हसले. दुसऱ्या ओळीत बायका कडेवरची पोरं उचलून दाखवायला लागल्या. तिसऱ्या ओळीला मेंढ्यानं शर्टाच्या पाठीवर आपलं काम उरकलं. सर्जेरावाच्या मानेवरनं घाम आणि बाकीचं सगळं एकत्र ओघळत होतं, पण तो थांबला नाही.

शेवटच्या वळणाला तो व्यापारी उभा होता, ज्याला सूर्यभानानं शब्द दिला होता. त्यानं मेंढ्याच्या पाठीत बोटं खुपसून मांस चाचपलं. मग सर्जेरावाचा दंडही चाचपला.

"माल अच्छा है," तो मंजुळाबाईला म्हणाला. "दोनों का मिलाके बोलो, बाई."

"वरचा इकायचा नाय, भाई. त्येचा कळप पन नाय इकायचा, मालक सांगतीलच तुमाला." तिनं पदर खोचला. "खालच्याचं त्येच्या बायकूला इचारून घ्या."

व्यापाऱ्यानं सूर्यभानाकडं बघितलं. सूर्यभानानं मान हलवली आणि हात जोडले. व्यापारी हसला आणि बाजूला सरून फेऱ्याला वाट करून दिली.

"सर्जेराव," कचरू मागनं म्हणाला, "एक ऱ्हायलंय."

सर्जेराव थांबला. अख्खी ओळ थांबली. भजीवाल्यानं झारा हातात धरला तसाच ठेवला. सर्जेरावानं डोळे मिटले, श्वास ओढला, आणि बारीक, पण पंचाला मान्य होईल इतपत, "बॅ" केलं.

वरनं मेंढ्यानं त्याला उत्तर दिलं.